‘दोनच खोल्या तर बांधायच्यात’

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट ओलांडेपर्यंत पाट्या सोबत करतात. ‘फार्महाऊस प्लॉट’, ‘११ गुंठे’, ‘स्वतंत्र सातबारा’, ‘लेक व्ह्यू’. शनिवार-रविवारी त्या पाट्यांखाली थांबलेल्या गाड्यांतून बहुतेक वेळा एखादं जोडपं उतरतं, चाळिशी-पन्नाशीतलं. बंगला वगैरे नको असतो त्यांना. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे चार झाडं आणि सकाळचा चहा घेताना समोर डोंगर.

मागणं लहान आहे म्हणून भानगडीही लहानच असतील, असं त्यांना वाटतं. विकणाराही तेच सांगतो, “दोनच खोल्या तर बांधायच्यात, कोण बघतंय?” मुळशी तालुक्यात घर बांधण्याबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका वाक्यातून निघालेत. घर लहान असल्याचा फायदा होतच नाही असं नाही. पण जिथे तो होत नाही तिथे लोक त्यावर विसंबतात आणि जिथे होतो तिथे उगाच घाबरतात.

“सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली”

सातबारा हा महसुलाचा कागद. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो होतो. जमीन कोणाच्या ताब्यात, किती आकार, कोणतं पीक, हे सांगण्यासाठी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांवरून, आणि वाद झाल्यास दिवाणी न्यायालयात. नुसत्या फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

म्हणून आजचा एक सातबारा हातात घेऊन खूश होण्यात अर्थ नाही. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघतो, तो काढावा. पण त्यावर ज्या फेरफारांचे क्रमांक आहेत ते सगळे काढून वाचावेत. दुय्यम निबंधकांकडच्या सूची क्रमांक दोनवरून निदान तीस वर्षांचे व्यवहार वकिलाकडून पाहून घ्यावेत. ‘इतर हक्क’ हा रकाना तर भिंगातून वाचावा. कूळ, सोसायटीचा बोजा, बहिणींचे हक्क, वन विभागाचा शेरा, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथेच बसलेलं असतं. भूधारणेपुढे ‘वर्ग २’ लिहिलं असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग विकणारा कितीही सज्जन असो.

या तालुक्यात हे जास्तच जपून करावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणासाठी इथली भातखाचरं पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह केला. पुढे टेमघर आणि वरसगावची धरणं झाली, मग लवासा. जमीन कोणाची आणि कोणी कोणाला दिली हा प्रश्न इथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि त्याचे माग जुन्या फेरफारांत सापडतात.

“शेतकरी असल्याचा दाखला काय, कुठूनही मिळतो”

कुळवहिवाट कायद्याच्या, म्हणजे १९४८ च्या अधिनियमाच्या, कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते; इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खोट्या दाखल्यावर केलेली खरेदी नोंदली गेली तरी पक्की होत नाही. कलम ८४-क खाली चौकशी होऊन व्यवहार अवैध ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. तोवर तुमचं घर उभं राहिलेलं असतं.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज फारसा कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून तो जास्त महागात पडतो. नवरा शेतकरी नाही, सासरी जमीन नाही, की जोडपं मान टाकतं. बायकोच्या माहेरी जमीन आहे का, हे विचारायचं कोणालाच सुचत नाही. लग्न झालं म्हणून मुलीचा वारसा संपत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, आणि २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. वडिलांच्या सातबाऱ्यावर तिचं नाव वारस म्हणून लागलं असेल, तर शेतकरी ती आहे. ती स्वतःच्या नावावर जमीन घेऊ शकते. अडचण असते ती ‘बहिणींनी हक्क सोडायचाच असतो’ या रिवाजाची. हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या कितीतरी बायका पुढे नवऱ्यासोबत प्लॉट पाहत फिरतात.

दोघांपैकी कोणीच शेतकरी नसेल तर आधीच बिगरशेती झालेली किंवा आराखड्यात निवासी दाखवलेली जमीन शोधावी. निवासी की शेती, हे एजंटच्या तोंडून ऐकू नये. झोन दाखला घ्यावा. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) २०२१ साली जाहीर झालेला प्रारूप विकास आराखडा पुढे रद्द झाला. त्या नकाशातला पिवळा रंग दाखवून कोणी जमीन विकत असेल, तर तो रद्द झालेल्या आराखड्याचा रंग विकतोय.

अकरा गुंठ्यांचं गणितही समजून घ्यायला हवं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्र ठरलेलं असतं. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर ते पुण्यात बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा शेती म्हणून वेगळा करून विकता येत नाही. मग दोन-चार कुटुंबं मिळून एक सातबारा घेतात आणि आपापसांत चुन्याने रेघा मारतात. कागदावर मात्र त्या रेघा नसतात. प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त असतो. तुमचं घर ज्या कोपऱ्यात आहे तो कोपरा कायद्याने सगळ्यांचा, आणि एका भागीदाराने भांडण काढलं की वाटपाचा दावा सगळ्यांवर. २०२५ साली सरकारने तुकडेबंदी सैल केली हे खरं आहे, पण ती मुख्यतः शहरी आणि आराखड्यांत बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या क्षेत्रांपुरती आणि जुने व्यवहार नियमित करण्यासाठी. ‘आता कुठेही एक गुंठा घ्या’ असा तिचा अर्थ नाही.

“शेतात घर बांधायला परवानगी लागतच नाही”

अर्धं खरं असल्यामुळे हे चिवट आहे. महसूल अधिनियमाच्या कलम ४१ मुळे शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतघर बांधता येतं आणि त्यासाठी जमीन बिगरशेती करावी लागत नाही. पण बिगरशेती न करावी लागणं वेगळं आणि बांधकाम परवानगी न लागणं वेगळं. मुळशी तालुका २०१५ पासून पीएमआरडीएच्या क्षेत्रात आहे. गावठाणाबाहेरच्या बांधकामाचा नकाशा तिथे मंजूर करून घ्यावा लागतो. शेती विभागातल्या शेतघरासाठी नियम असा: निदान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर जमीन हवी आणि बांधकाम त्या क्षेत्राच्या ०.०३७५ पट. चार हजार चौरस मीटरला दीडशे चौरस मीटर, म्हणजे सोळाशे चौरस फुटांच्या आसपास. दोन माणसांना तेवढं घर पुष्कळ झालं. अडतं ते जमिनीपाशी. अकरा गुंठ्यांत घर सहाशे फुटांचं असलं तरी ते या नियमात बसत नाही.

‘सोळाशे फुटांपर्यंत परवानगी नको’ ही आणखी एक अफवा. तिचं मूळ २०२१ सालच्या शासन निर्णयात आहे. ग्रामीण भागात १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधकाम परवानगीची अट काढली गेली; त्याऐवजी मालकीचे कागद, वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला आराखडा आणि विकास शुल्क ग्रामपंचायतीत द्यायचं. भूखंड निवासी वापरात बसायला हवा, हे त्यात गृहीतच आहे. डोंगरावरच्या शेतात सोळाशे फुटांचं काहीही उभारा, असं त्यात कुठे नाही.

कंटेनरचं घर, पोर्टा केबिन, लाकडी कॉटेज, तंबू. ‘हे पक्कं बांधकाम नाही’ म्हणत विकल्या जाणाऱ्या वस्तूंची यादी वाढतेच आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत इमारत म्हणजे कोणत्याही कामासाठी आणि कोणत्याही साहित्याने केलेली रचना. लोखंडाची पेटी त्यातून सुटत नाही. घरपट्टीची पावती आणि विजेचं मीटर यांचंही तसंच. ग्रामपंचायत अनधिकृत घरालाही कर लावते, कारण दिवे आणि रस्ते सगळ्यांनाच लागतात. त्या पावतीने घर कायदेशीर होत नाही. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आली की पावत्यांची फाइल उपयोगी पडत नाही.

गावठाणालगत जमीन मिळाली तर मात्र वाट बरीच सोपी होते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीच्या निवासी वापरासाठी महसूल अधिनियमात कलम ४२-ड आहे. ठरलेला कर भरला की वेगळी बिगरशेती परवानगी मागत बसावं लागत नाही. रस्ता, वीज, शेजार, रात्री-अपरात्री हाकेला माणूस, सगळं तिथेच. शहरी जोडप्यांना नेमकं तेच नको असतं. त्यांना एकांत हवा असतो. एकांत डोंगराच्या कुशीत मिळतो आणि तिथे पुढचा गैरसमज सुरू होतो.

“डोंगर इतकी वर्षं उभा आहे, आजच काय होणार?”

२५ जुलै २०२४ ला सकाळी मोजलेल्या चोवीस तासांत मुळशीतल्याच ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात सव्वासातशेच्या आसपास पडतो, म्हणजे पुण्याचा पाऊण वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्याच दिवशी लवासात दरड येऊन बंगले गाडले गेले. ते बांधताना अभियंते, सल्लागार, पैसा कशाचीच कमतरता नसणार. दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं; दीडशेच्या वर माणसं गेली.

डोंगर आपण जसाच्या तसा ठेवत नाही, हे विसरलं जातं. घरासाठी सपाटी हवी म्हणून जेसीबीने उतार कापतात, निघालेला मुरूम खालच्या अंगाला लोटतात आणि त्या भरावावर पडवी येते. वर जाणारा रस्ता कापताना ओढ्याची वाट अडते. कापलेल्या उताराचा पाया सुटतो आणि भरावात पाणी मुरतं. घर दोन खोल्यांचं असो की दहा, त्याच्या जागेसाठी आणि रस्त्यासाठी कापलेला डोंगर जवळपास तेवढाच असतो. लहानपणाचा इथे काडीचा उपयोग नाही. १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर चालल्यावर एक मीटरहून जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला मनाई आहे ती याचसाठी. नदी-ओढ्याकाठी निळी आणि लाल पूररेषा पाहावी. पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी त्या दाखवतात.

सपाट आहे म्हणून भातखाचर निवडणं ही याच्या उलटची फसगत. खाचर पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेलं असतं. चार महिने तिथे पाया पाण्यात, आणि शौचालयाचा शोषखड्डाही शोषायचं नाव घेत नाही. गावातली जुनी घरं पाहा. ती खाचरात नाहीत, खडकाळ मुरमाच्या उंचवट्यावर आहेत, एकमेकांना चिकटून. चांगली जमीन भाताला आणि निकस जमीन घराला, हा हिशेब होता. जमीन डिसेंबरात पाहायला जाणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. जुलैत एकदा जावं, छत्री उलटी होईल अशा दिवशी.

याच्या जोडीला एक भीती मात्र पार निराधार आहे. ‘ही गावं इको-सेन्सिटिव्ह आहेत, घर बांधताच येणार नाही’, असं सांगून गावकऱ्यांनाही घाबरवलं जातं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघते आहे. सहावी ३१ जुलै २०२४ ला निघाली. तिच्यात बंदी आहे ती खाणी, लाल वर्गातले उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं आणि मोठ्या टाउनशिप यांवर. ऐंशी चौरस मीटरच्या घराला ती आडवी येत नाही. राखीव वन, खाजगी वनाचा शेरा किंवा २०१३ साली जाहीर झालेलं ताम्हिणी अभयारण्य ही गोष्ट निराळी. तिथे घर किती लहान हा प्रश्नच उरत नाही.

“मातीचं घर पावसात विरघळतं” आणि “मातीचं घर स्वस्त पडतं”

दोन्ही एकाच वेळी ऐकायला मिळतात. मुळशी-मावळातली जुनी घरं दगडी जोत्यावर कारवीच्या कुडाची आणि माती-शेणाच्या लिंपणाची होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. भिजून मरते ती पायाशी पाणी साचलेली किंवा झड खाणारी भिंत. उंच जोतं, लांबवर काढलेली वळचण, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील अशी पाखी आणि पश्चिमेला झड अडवणारी पडवी, एवढं असलं की माती टिकते. सपाट स्लॅब आणि पातळ छज्जा घेऊन शहरातून आलेली सिमेंटची घरंच इथे दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ओल दाखवायला लागतात.

शेजारच्या मावळ तालुक्यात, वाघेश्वर गावी, पुण्याच्या एका वास्तुविशारद जोडप्याने माती आणि बांबूचं दुमजली घर बांधलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेही त्याने झेललं. खर्च चार लाखांच्या आसपास आला, अशा बातम्या आल्या आणि ‘चार लाखांत घर’ हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला. त्या दोघांचं शिक्षण त्याच विषयातलं, आराखडा स्वतःचा, साहित्य आसपासचं, देखरेख रोजची. हे त्या आकड्यात धरलेलं नाही. मातीकामात साहित्य स्वस्त आणि हात महाग. कुड विणणारे, लिंपण जाणणारे गडी आता कमी उरलेत. बांबूवर बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केली नाही तर भुंगा वर्षा-दोन वर्षांत त्याचा भुगा करतो. दरवर्षी मे महिन्यात लिंपणाला हात लावावा लागतो. फक्त शनिवार-रविवारी येणाऱ्या जोडप्याने मातीचं घर बांधू नये, असं माझं मत आहे. तिथे राहायला जाणार असाल तर जरूर बांधा.

“एवढा पाऊस पडतो, पाण्याला काय तोटा?”

मार्चमध्ये विचारा. सह्याद्रीचा काळा पाषाण आत फार पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या फटींत, आणि उतारावरून ते झपाट्याने निघूनही जातं. ‘तीनशे फुटांवर लागलं नाही, पाचशेपर्यंत जाऊ’ हा हिशेब म्हणून इथे बऱ्याचदा फसतो. खोल गेल्याने फट सापडेलच असं नाही. बोअर मारण्याआधी भूजल जाणणाऱ्या माणसाला जागा दाखवावी. पुण्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय आहे, अ‍ॅक्वाडॅमसारखी बेसॉल्टमधल्या पाण्याचा अभ्यास करणारी संस्था आहे. नारळ फिरवणारा माणूस स्वस्त पडतो, बोअर नाही.

घर लहान असल्याचा खरा फायदा पाण्यात आहे. शंभर चौरस मीटरचं कौलारू छप्पर आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस धरा. दोन लाख लिटर पडतं. गळती-उडती वजा जाता दीड लाख हाती लागावं. दोन माणसांना दिवसाला प्रत्येकी शंभर लिटर धरले तर ऑक्टोबर मध्यापासून जून मध्यापर्यंतच्या आठ महिन्यांना अठ्ठेचाळीस हजार लिटर पुरतात. छपरावर पाणी गरजेच्या तिप्पट पडतं. कमी असते ती टाकी. पन्नास हजार लिटरची टाकी जोत्याच्या वेळीच, पडवीखाली बांधून घेतली तर ती आटोक्यातल्या खर्चात होते. घर झाल्यावर आठवलं तर टँकर. बंगला, लॉन आणि पोहण्याचा तलाव असणाऱ्यांना हे गणित कधीच जमत नाही.

रस्त्याचं थोडक्यात. विकणाऱ्याने दाखवलेली गाडीवाट म्हणजे रस्ता नव्हे. गाव नकाशावर आहे का, खरेदीखतात वहिवाटीचा हक्क लिहिलाय का, हे पाहावं. भूमि अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत हाती आल्याशिवाय विसार देऊ नये. मोजणीच्या दिवशी बांधाला बांध असलेले शेजारी हजर असले तर उत्तम. पुढे वर्षानुवर्षं आपली गाठ त्यांच्याशीच आहे.

राहता राहिलं नाव. पैसे दोघांचे, कर्जाचे हप्ते दोघांचे, खरेदीखत मात्र एकाच्या नावावर, कारण ‘शेतकरी मीच आहे ना’. नवरा शेतकरी आणि बायको नाही, म्हणून तिचं नाव कधीच लागू शकत नाही, असं अनेक जोडपी धरून चालतात. पण तसं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यानंतर १९९२ साली सरकारने त्याच नावाची योजना काढली. नवऱ्याने हयातीतच अर्ज केला की पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं, त्याला मुद्रांक किंवा शुल्क लागत नाही. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायचा. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून दोन्ही नावांचं स्पेलिंग तिथेच तपासून घ्यावं. दुरुस्तीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याला वेळ लागतो.